बार्शी लाईट टेबलावर उभी करायला हवी

१/ मराठी मुलांना इतिहासाचा पहिला धडा बहुधा मातीतून मिळतो. दिवाळीच्या सुट्टीत अंगणात किल्ला उभा राहतो आणि तो रचताना प्रश्न पडू लागतात. दरवाजा कोणत्या अंगाला? पाण्याचे टाके कुठे? माची किती लांब? पुस्तकात नुसता वाचलेला किल्ला हाताने उभारताना कळू लागतो. हीच रीत आपण मराठवाड्याच्या विसाव्या शतकालाही लावावी आणि सुरुवात बार्शी लाईट रेल्वेपासून करावी, असे माझे मत आहे. हा धागा त्यासाठी.

२/ आधी नकाशा पाहू. अहमदपूर नांदेड-लातूर रस्त्यावर वसलेले. या गावात रेल्वे कधीच आली नाही; पण त्याच्या तिन्ही अंगांना तीन वेगवेगळ्या रुंदीचे रूळ होते. नांदेडवरून मनमाड-सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग जाई. उदगीर-परळीकडे विकाराबादहून आलेला ब्रॉडगेज मार्ग होता. आणि लातूरला कुर्डुवाडीहून येणारी नॅरोगेज गाडी, म्हणजे आपली बार्शी लाईट. अवघ्या भारतीय रेल्वेचा रूळमापांचा गोंधळ एका तालुक्याच्या भोवती गोळा झाला होता.

३/ दोन रुळांमधले अंतर ब्रॉडगेजमध्ये १६७६ मिलिमीटर, मीटरगेजमध्ये १००० मिलिमीटर, तर बार्शी लाईटवर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. अंतर कमी म्हणजे वळणे तीव्र घेता येतात, पूल हलके चालतात, जमीन कमी लागते आणि भांडवलही कमी लागते. ज्या मुलखात मोठ्या रेल्वेचा खर्च निघण्याची खात्री नव्हती, तिथे हा उपाय होता.

४/ हा उपाय बार्शीत आणणारा अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. त्याचा सिद्धांत सोपा होता: चाकांच्या कोणत्याही एका जोडीवर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. इंजिन असो, डबा असो वा वाघिण, नियम एकच. भार सगळीकडे सारखा वाटला गेला, की हलके रूळही जड काम करतात. लीड्सच्या किटसन कंपनीने बांधलेली पहिली इंजिने ०-८-४ रचनेची होती: आठ चालती चाके आणि मागे चार आधाराची. एकूण चाकांच्या सहा जोड्या. म्हणजे इंजिनाचे वजन ३० टनांच्या आत बसवावे लागले.

५/ गाड्या भारतात पाठवण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले येथे चाचणीचा रूळ घालून त्यांची परीक्षा घेण्यात आली. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी ही पहिली वाट सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोहोचली, १९११ मध्ये बालाघाट चढून लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. एकूण लांबी २०२ मैल, म्हणजे सुमारे ३२५ किलोमीटर. लंडनमध्ये नोंदलेल्या एका खासगी कंपनीचा हा रूळ मुंबई इलाखा, हैदराबाद संस्थान आणि दक्षिणी मराठा संस्थाने यांना एका धाग्यात ओवत होता.

६/ १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने कंपनी विकत घेतली. २००० नंतरच्या दहा-अकरा वर्षांत हा मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला. मार्ग बदलताना काही ठिकाणी वाटही बदलली. जुन्या बार्शी लाईटवर नसलेले उस्मानाबाद, आताचे धाराशिव, नव्या मार्गावर आले. लातूर शहरात ‘जुनी रेल्वे लाईन’ हे शब्द आता प्रामुख्याने पत्त्यात उरले आहेत.

७/ या बदलाविरुद्ध माझी तक्रार नाही, हे आधीच स्पष्ट करतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानेने व्याकुळ असताना मिरजेहून पाण्याची गाडी आली. पहिल्या खेपेला १० टाकी-वाघिणी आणि एकेकीत ५० हजार लिटर पाणी. ५० हजार लिटर म्हणजे ५० टन. कॅलथ्रॉपच्या ५ टनांच्या नियमात चार जोड्यांची वाघिण स्वतःच्या वजनासकट २० टनांवर जाऊ शकत नव्हती. रूळ रुंद झाले म्हणून ते पाणी त्या मापाने आले. रेल्वे बदलली हे योग्यच झाले. तिची आठवण मात्र रुळांसोबत उखडली जाण्याचे काहीच कारण नव्हते.

८/ आता एक तुलना पाहा. कॅलथ्रॉपने बार्शीच्याच धर्तीवर इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाचा अडीच फुटी मार्ग उभारला. तो १९०४ मध्ये सुरू झाला आणि १९३४ मध्ये बंद पडला. लांबी जेमतेम १३ किलोमीटर, आयुष्य ३० वर्षे. तरीही तिकडचे छांदिष्ट आजतागायत त्याची स्थानके, इंजिने आणि डबे लहान मापात घडवत असतात. बार्शी लाईट त्याच्या पंचवीस पट लांब होती आणि शंभर वर्षांहून अधिक काळ धावली. थोरलीवरून धाकटी घडली. धाकटीच्या प्रतिकृती घरोघरी आहेत आणि थोरलीची नोंद आपण पत्त्यातल्या दोन शब्दांवर सोडली आहे.

९/ कुणी म्हणेल, खेळण्यातल्या गाड्यांनी इतिहास कसा कळणार? उत्तर कामातच आहे. ‘लातूर स्थानकात कापूस, तेलबिया आणि डाळी चढत’ हे वाक्य लिहायला दहा सेकंद पुरतात. तेच टेबलावर मांडायला बसा. गाड्या फलाटाच्या कोणत्या टोकाला थांबत? मालधक्का प्रवासी फलाटाच्या समोर होता की पलीकडे? इंजिनासाठी पाणी कुठे भरत? सांधेवाला कुठे उभा राही? लिहिताना यांतला प्रत्येक प्रश्न टाळता येतो. प्रतिकृतीत टाळता येत नाही. कारण टाळलेली जागा रिकामी दिसते.

१०/ गणितही फार अवघड नाही. जगभर सर्वाधिक रूढ असलेले माप एचओ, म्हणजे मूळ वस्तूच्या ८७ पट लहान. ७६२ मिलिमीटरला ८७ ने भागले, की ८.७६ मिलिमीटर येतात. आणि ‘एन’ नावाच्या लहान मापाचे तयार रूळ बाजारात ९ मिलिमीटर रुंदीचे मिळतात. फरक पाव मिलिमीटरचा! म्हणजे बार्शी लाईटसाठी रूळ वेगळे घडवावे लागत नाहीत. एनचे रूळ घ्यायचे आणि भोवतीचे जग एचओच्या मापाने उभे करायचे. या मापात साडेपाच फुटी माणूस १९ मिलिमीटरचा होतो.

११/ पण संपूर्ण ३२५ किलोमीटरांना ८७ ने भागले, तरी पावणेचार किलोमीटर लांब टेबल लागेल. ३०० मीटरचे एक यार्डसुद्धा साडेतीन मीटर जागा मागते. म्हणून प्रत्येक लेआउट करणाऱ्याला काहीतरी वगळावे लागते, काहीतरी आखडून घ्यावे लागते. काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हा निर्णय इतिहासकारही रोज घेत असतो. फरक इतकाच, की ग्रंथात वगळलेले वाचकाला सहसा दिसत नाही. इथे ते फूटपट्टीने मोजता येते.

१२/ या छंदातला मोठा मोह म्हणजे इंजिन. चकचकीत काळे इंजिन, त्याचा धूर, त्याची शिट्टी. माझा आग्रह उलटा आहे: इंजिन शेवटी करा, आधी कुर्डुवाडीचा मालधक्का करा. तिथे नॅरोगेज संपून ब्रॉडगेज सुरू होई. बार्शी-लातूरकडून आलेला माल एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. रूळ स्वस्त घातल्याची किंमत तिथे रोज हमालांच्या पाठीवर वसूल होत होती. दोन रुळांच्या मधला तो धक्का आणि त्यावरची १९ मिलिमीटरची माणसे नसतील, तर ती बार्शी लाईट नव्हे. ते दुकानातले खेळणे झाले.

१३/ दुसरा आग्रह: वर्ष ठरवा. ‘जुन्या काळचे लातूर’ असे काही नसते. १९३८ चे लातूर म्हणजे निजामाच्या हद्दीतले स्थानक: करोडगिरीचे म्हणजे जकातीचे खाते संस्थानचे, चलन हाली शिक्क्याचे आणि रेल्वे लंडनच्या कंपनीची. १९५५ चे लातूर म्हणजे स्वतंत्र भारतातले, पण अजून हैदराबाद राज्यातले. रेल्वे आता सरकारी. १९५७ चे लातूर द्विभाषिक मुंबई राज्यातले. याच फेररचनेत बिदर जिल्ह्यातले अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तालुके उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. रूळ तेच, फलाट तोच. राज्य मात्र तीनदा वेगळे.

१४/ वर्ष ठरले, की बारकाव्यांना धार येते. स्थानकाच्या फलकावर कोणत्या लिप्या होत्या, हे त्या वर्षाच्या छायाचित्रावरून ठरवा. संस्थान निजामाचे होते म्हणून अंदाजाने उर्दू पाटी ठोकू नका, आणि आज मराठी आहे म्हणून मराठीही नको. फलक कोरा ठेवा आणि खाली लिहा, ‘पुरावा हवा’. कोरा फलक खोट्या फलकापेक्षा कधीही अधिक प्रामाणिक.

१५/ म्हणून प्रत्येक लेआउटला एक वही हवी आणि वहीत तीन रंग हवेत. हिरवा: नकाशा, वेळापत्रक, छायाचित्र यांवरून घेतलेले. पिवळा: प्रत्यक्ष प्रवास किंवा काम केलेल्या माणसाने सांगितलेले. तांबडा: आपले अनुमान. बोर्डावरच्या प्रत्येक इमारतीखाली त्या रंगाचा ठिपका द्या. नवा पुरावा मिळाला, की तांबडा ठिपका काढून ती इमारत पुन्हा बांधा. मातीचा किल्ला दरवर्षी नव्याने करतोच ना आपण?

१६/ यातला पिवळा रंग झपाट्याने दुर्मीळ होतो आहे. लातूरच्या छोट्या गाडीने विसाव्या वर्षी, १९७५ मध्ये, प्रवास केलेला माणूस आज सत्तरीत आहे. त्या काळात नोकरीत असलेले सांधेवाले, गार्ड, ड्रायव्हर त्याहून थोर. कागद दप्तरात आणखी पन्नास वर्षे टिकेल. आठवण टिकणार नाही. घाई करायची ती यासाठी.

१७/ आणि त्यांना विचारताना ‘आजोबा, जुन्या गाडीबद्दल सांगा’ असे मोघम विचारू नका. अर्धवट लेआउट त्यांच्यासमोर ठेवा. ‘अरे, टाकी इकडे नव्हती, पलीकडच्या टोकाला होती’ हे वाक्य प्रश्नावलीतून निघणार नाही. चुकीच्या जागी ठेवलेली पुठ्ठ्याची टाकी ते काढून घेईल. मात्र एकाच्या सांगण्यावर थांबू नका. दोघांची आठवण जुळली नाही, तर दोन्ही वहीत नोंदवा.

१८/ ‘रेल्वे इंग्रजांनी आपल्या नफ्यासाठी आणली, तिचे कौतुक कशाला?’ हा आक्षेप वजनदार आहे. पण प्रतिकृती म्हणजे आरती नव्हे. तिसऱ्या वर्गाच्या डब्यातली दाटी, आषाढीला पंढरपूरच्या फलाटावर उतरलेले वारकरी, धक्क्यावरचे हमाल हे सारे मांडले, तर नफा कुणाचा आणि घाम कुणाचा हे टेबलाभोवती उभ्या राहणाऱ्याला भाषणाशिवाय दिसेल.

१९/ ‘खर्च परवडणार नाही’ हा आक्षेप अधिक खरा. विदेशी इंजिने महाग असतात, यात वाद नाही. पण इतिहासासाठी गाडी धावायलाच हवी असे कुठे आहे? प्लायवूडचा तुकडा, पुठ्ठा, फेव्हिकॉल, रंगवलेला लाकडाचा भुसा, चाळलेली बारीक खडी आणि काडेपेटीच्या काड्यांचे स्लीपर यांतून स्थिर लेआउट उभा राहतो. धावती गाडी पाहायचीच असेल, तर पुण्यात भाऊ जोशी यांनी उभारलेले आणि १९९८ मध्ये खुले झालेले लघुरेल्वे संग्रहालय जरूर पाहा. त्यातले शहर काल्पनिक आहे आणि ते मनोहर आहे. आपल्याला करायचे आहे ते खरे शहर; म्हणून आपले काम वेगळे आणि थोडे अधिक कठीण.

२०/ तर मित्रहो, प्रस्ताव असा. अहमदपूर, उदगीर, लातूर, नांदेड येथील शाळा-महाविद्यालयांतल्या पाच-सहा जणांनी मिळून एक स्थानक आणि एक वर्ष निवडावे. मुरूड, ढोकी, येडशी, बार्शी, कुर्डुवाडी, कोणतेही चालेल. मापे सर्वांनी एचओचीच ठेवावीत, म्हणजे उद्या हे बोर्ड एकमेकांना जोडता येतील. एका गटाला जे पूर्ण करता येणार नाही, ते दहा गटांना नक्की येईल.

२१/ अहमदपूरकरांनी विचारावे, ‘आमच्या गावात स्थानकच नव्हते, मग आम्ही काय करायचे?’ तुम्ही लातूरचा बोर्ड घ्या. त्याच्या ईशान्य कडेला एक कच्चा रस्ता काढा आणि त्या रस्त्यावर लातूरच्या बाजाराकडे निघालेल्या बैलगाड्या ठेवा. गाडीत काय भरले होते, वाटेत मुक्काम कुठे पडे, परतताना काय आणत, हे गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आधी विचारून या. पहिला पिवळा ठिपका तिथे पडू द्या.