जुन्या दरवाजाची पावती

समुद्रकाठच्या गावात मोटार चालल्याने जितकी झिजत नाही तितकी उभी राहिल्याने झिजते. पालघर तालुक्यातील एडवण येथे खाऱ्या वाऱ्याने दरवाजाची खालची कड आणि पायाखालचा पत्रा हळूहळू पोखरला जातो. इंजिन मात्र ठणठणीत असते. अंगणात जुनी मारुती ८०० अशा अवस्थेत उभी असली, म्हणजे मालकापुढे प्रश्न असतो तो गाडी मोडीत काढण्याचा नव्हे, एका दरवाजाचा. या गाडीचे उत्पादन २०१४ च्या प्रारंभी थांबले. तेव्हा सफाळ्याला लोकल धरून, दादरला गाडी बदलून कुर्ला गाठणे ओघानेच येते.

कुर्ल्यातील सीएसटी रस्त्यावर जुन्या सुट्या भागांचा बाजार आहे. ज्या कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रीमियर कंपनीची फियाट, आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने तीच गाडी, बाहेर पडली, त्याच परिसरात मोटारीचे अवयव सुटे होऊन विकले जावेत हा योगायोग मोठा गमतीचा. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतून निवृत्त झाल्या. तोवर त्या धावल्या त्यात अशा बाजारांचा वाटा थोडा नाही. त्यांना सरसकट चोरांचा अड्डा म्हणणे हा सुखवस्तूंचा शिष्टाचार झाला.

अर्थात, सर्वच जुना माल घेण्याजोगा नसतो. दरवाजा, काच, बोनेट, स्टार्टर हे पाहून-पारखून घेता येतात. ब्रेकचे लायनर, रबरी नळ्या, स्टिअरिंगचे सांधे आणि टायर मात्र नवेच हवेत. त्यांची झीज वरून दिसत नाही आणि चूक उमगते ती रस्त्यावर. शिवाय नाव तेच असले तरी गाडी तीच असते असे नाही. मारुती ८०० आधी कार्बोरेटरवर चाले, पुढे इंधन फवारणारी यंत्रणा आली. एकीचा भाग दुसरीस बसत नाही. मोडका भाग पिशवीत घालून नेणारा ग्राहक म्हणूनच शहाणा.

खरी अडचण पुढेच आहे. या दरवाजाला पावती नसते. तो कोणत्या गाडीचा, ती गाडी रीतसर मोडली गेली की रात्रीतून नाहीशी झाली, हे विचारण्याची सोय नाही. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे गुन्हा आहे; पण काहीच न विचारणाऱ्याने काय जाणले, हे सिद्ध कोण करणार?

केंद्र सरकारने २०२१ मध्ये नोंदणीकृत भंगार केंद्रांचे नियम केले. त्यानुसार गाडी मोडणाऱ्यास दाखला मिळतो आणि तो दाखवून नवी गाडी घेताना करात सवलत मिळू शकते. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले. वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते २०२५ मध्ये आणखी वाढवण्यात आले. या साऱ्या व्यवस्थेचा रोख जुनी गाडी रस्त्यावरून काढण्याकडे आहे. धूर ओकणाऱ्या गाड्यांबाबत तो रास्तच आहे. परंतु आठवड्यातून दोनदा बाजारास जाणाऱ्या गाडीच्या मालकाला नव्या मोटारीवरील सवलत देणे म्हणजे चप्पल तुटलेल्यास बुटांच्या दुकानाचा पत्ता सांगण्यासारखे आहे.

मोडलेल्या गाडीची नोंद ठेवणाऱ्या केंद्राने तिच्या दरवाजावर त्याच नोंदीचा क्रमांक चिकटवून, बिलासह तो विकावा, यात अशक्य असे काही नाही. ब्रेक आणि स्टिअरिंगचे भाग त्यातून वगळावेत. कुर्ल्यातील दुकानदारांनाही हा माल तेथून घाऊक घेता यावा. त्यांची पारख वाया घालवण्यात शहाणपण नाही. चांगला दरवाजा पोलाद म्हणून भट्टीत गेला, तर त्याची जेमतेम भंगाराची किंमत होते.

आज मात्र एडवणचा मालक रोख पैसे मोजतो, दरवाजा लोकलच्या सामानाच्या डब्यात चढवतो, आणि सफाळ्याला उतरताना कोणी हटकले तर काय सांगावे याचा विचार करीत बसतो.