घोरण्यावर हसू नका, निराशेला गुन्हा म्हणू नका

वर्धा जिल्ह्यात आत्महत्या म्हटले की डोळ्यांसमोर कापसाचे शेत आणि कर्ज येते. 2006 च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांत वर्धाही होता, त्यामुळे ते साहजिक आहे. पण जगणे नकोसे करणारे एक कारण आपल्याच घरात, शेजारच्या अंथरुणावर असू शकते आणि आपण त्यावर हसतो.

स्लीप ॲप्नियात झोपेत घशातील वाट बंद होते, श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबतो आणि मेंदू दचकून जागा होतो. गंभीर रुग्णात हे तासाला तीस किंवा त्याहून जास्त वेळा घडते. सकाळी त्याला काही आठवत नाही. आठ तास झोपूनही डोके जड, कामात लक्ष नाही, चिडचिड. हे वर्षानुवर्षे चालले तर नैराश्य येऊ शकते, काहींच्या मनात मरणाचे विचारही. फेब्रुवारी 2022 मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचे नाव घेतले होते.

आपल्याकडे अशा तरुणाला काय ऐकावे लागते? फजरला उठत नाही म्हणजे आळशी. उदास राहतो म्हणजे ईमान कमजोर. मग तो बोलणेच बंद करतो. जीव अल्लाहची अमानत आहे, हे खरेच. पण सूरह निसाच्या 29 व्या आयतीत जीव घेण्याची मनाई आहे, तिथेच अल्लाहच्या रहमतीची आठवणही आहे. आपण मनाई सांगतो, रहमत विसरतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला शिक्षा नव्हे, उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. मोहल्ला मात्र अजून शिक्षाच देतो.

या आजारावर इलाज आहे. झोपेची तपासणी, वजन कमी करणे, रात्री लावायचे सीपॅप मशीन. सेवाग्राम आणि सावंगीला वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. तिथे कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांना विचारा. मनातले विचारही त्यांच्यापासून लपवू नका. मशीन गरीब घराला झेपत नाही. मशीद कमिट्यांनी जकात-सदक्यातून गरजूंना हात द्यावा आणि जुम्याच्या बयानात एकदा तरी हा विषय घ्यावा.

आणि मित्रा, असे विचार तुझ्याच मनात येत असतील, तर आजच घरातल्या एकाला सांग. टेली-मानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येते. तू वाईट मुसलमान नाहीस. कदाचित तुला कित्येक वर्षे नीट झोपच मिळालेली नाही.