पुढे तो बसतो, चालवते मी

आमच्या जोडसायकलवर नवरा पुढे पाय पसरून, रेलून बसतो. हँडल, ब्रेक, गिअर सगळं मागे माझ्या हातात. तरी वाटेत भेटणारे लोक बोलतात ते त्याच्याशीच. ‘चालक मागे आहे’, असं त्याने सांगितलं की आधी हसू येतं आणि मग त्याच्याबद्दल थोडी दया.

ही दया मला खटकते. आरामात बसलेला माणूस कामचुकारच असणार, हा समज सायकलच्या जगात फार जुना आहे. १९३३ साली पॅरिसमध्ये फ्रांसिस फोर या दुसऱ्या फळीतल्या शर्यतपटूने शार्ल मोशेने बनवलेल्या अशाच रेलून बसायच्या सायकलवर तासाभरात ४५.०५५ किलोमीटर कापले आणि ऑस्कर एगचा १९१४चा विक्रम मागे टाकला. झालं! पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने सायकलची व्याख्या अशी केली, की ही सायकल शर्यतीतून बाद. वाऱ्याला कमी अंग देणं म्हणजे जणू लबाडी.

आम्हाला विक्रम करायचा नाही. राहतो जर्मनीत, उल्मला. डॅन्यूब गावातूनच वाहते. पासाऊ ते व्हिएन्ना हा नदीकाठचा सुमारे सव्वातीनशे किलोमीटरचा रस्ता बहुतेक सपाट आहे. नवऱ्याचे गुडघे कुरकुरतात, माझे अजून नाही. वेगवेगळ्या सायकलींवर असायचो तेव्हा मी पुढे जाऊन झाडाखाली थांबायचे. तो पोचेपर्यंत माझी विश्रांती झालेली, आणि मी लगेच ‘चल’ म्हणायचे. दमलेल्यालाच विसावा नाही! नेहमीच्या जोडसायकलवर दोघांचे पाय एकाच साखळीला जुंपलेले, एकाने थांबायचं तर दुसऱ्यानेही. आमच्या सायकलवर मात्र पुढच्याला हवं तेव्हा पाय थांबवता येतात, मागचा मारत राहतो. डोकी जवळजवळ, त्यामुळे गप्पा मारायला ओरडावं लागत नाही. याच वाटेवरच्या वाखाऊ खोऱ्यातले द्राक्षमळे आणि जर्दाळूच्या बागा तो निवांत बघतो. मी रस्ता बघते. अन्याय असलाच तर तो इथे आहे.

चढावर ही सायकल जड जाते. उभं राहून जोर लावायची सोय पुढच्याला नाही. अशा वेळी आम्ही सरळ उतरून ढकलतो. किंमतही कित्येक हजार युरो, म्हणून आधी भाड्याने घेऊन बघावी.

खरी तक्रार माझी वेगळीच आहे. सायकलमार्ग जिथे रस्ता किंवा रूळ ओलांडतो, तिथे कित्येकदा एकाआड एक असे आडवे कठडे असतात. साधी सायकल त्यातून वळते, आमची अडकते. मग सामान उतरवा, मागचं चाक उचला, पुन्हा सामान चढवा. मुलांना बसवून नेणारी गाडी जोडलेल्या आयांना, मालवाहू सायकलवाल्यांना आणि तीनचाकीवर फिरणाऱ्या अपंगांनाही तिथेच घाम फुटतो. मोटारी आत येऊ नयेत एवढंच हवं असेल, तर मधोमध एक खांब पुरतो. नगरपालिकांनी हे कठडे काढावेत. ते जमत नसेल तर दोन कठड्यांमधलं अंतर तरी वाढवावं.