एक्का-गुलामाची भलामण

पोकर शिकवण्याचा विडा उचललेल्या एका विद्वानांचा दंडक असा: होल्डेममध्ये हाती एक्का-गुलाम आला की बेधडक रेज करा, आधी कुणी रेज केलं असेल तर उलट रेज करा; पानं टाकणारे ते भित्रे. कारणं तीन. पानं मोठी, सिक्वेन्सची आशा, आणि याच पानांवर त्यांनी एकदा भलाथोरला पॉट मारला होता.

शेवटचं कारण आधी निकालात काढू. डॉयल ब्रन्सनने १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षं वर्ल्ड सीरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकली, आणि दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्याच्या हाती दश्शी-दुर्री होती. म्हणून दश्शी-दुर्री कुणी पुजायला घेतली नाही. सिक्वेन्सचं म्हणाल, तर एक्का आणि गुलाम दोन्ही कामी यायला राजा, राणी, दश्शी तिन्ही उतरायला हवीत. बसा वाट बघत.

खरा मुद्दा ‘मोठ्या पानां’चा. मोठी, पण कुणापेक्षा? पहिल्या जागेवरचा, एरवी पानांमागून पानं टाकणारा कंजूष गडी रेज करतो, तेव्हा त्याच्याकडे काय असतं? गुलामांची किंवा त्यावरची जोडी, नाहीतर एक्क्याबरोबर राजा वा राणी. तुमच्या हातातली दोन पानं वगळून मोजा. एक्का-राजा १२ प्रकारे येतो, एक्का-राणी १२. राजांची जोडी ६, राण्यांची ६, एक्क्यांची ३, गुलामांची ३. एकूण ४२. यांतल्या एकाशीही गाठ पडली तर तुम्ही मागेच. एक्का-राजापुढे तर चारांत जेमतेम एक डाव तुमचा. फ्लॉप कोरडा गेला तर थोडक्यात सुटाल. लागला तर मेलात. समजा आला बदामचा एक्का, किलवरची सत्ती, चौकटची तिर्री. विद्वान खूश! समोरून बेट, यांचा कॉल. टर्नला मोठी बेट, पुन्हा कॉल. रिव्हरला सगळ्या चिप्स मध्ये, आणि तो गडी एक्का-राजा उलटून दाखवतो. एक्क्यांची जोडी दोघांचीही; निकाल लावतो किकर, आणि यांचा किकर गुलाम. मग नशिबाच्या नावाने बोटं मोडायची.

‘पण पानं एकाच रंगाची होती’ हे तुणतुणं तर आम्ही वर्षानुवर्षं ऐकतो आहोत. अहो, फ्लॉपवरच कलर जमण्याची शक्यता एक टक्काही नाही! ही सारी दिवाळीतल्या तीन पत्तीची खोड. तिथे हातातल्या तीन पानांवर खेळ संपतो. इथे टेबलावरची पाच पानं सगळ्यांची असतात. तुम्हाला तारणारा एक्का समोरच्यालाही तारतो.

आमचं म्हणणं एवढंच: सगळ्यांनी पानं टाकली आणि तुम्ही बटणावर असाल, तर एक्का-गुलामावर खुशाल रेज करा, मागे दोन ब्लाइंडच उरतात. पहिल्या जागेवरून कंजूष गड्याने रेज केलं, तर मुकाट फोल्ड. विद्वानांना हे भित्रेपण वाटेल. वाटो. शौर्य स्वतःच्या चिप्सवर दाखवावं, शिष्यांच्या नव्हे.