कॅमेऱ्याची बॅग आणि आपला खांदा

दिवाळी सरून हवेत गारवा आला, की सहलींचे बेत सुरू होतात. आमच्या शहागडहून पैठणचा नाथसागर फारसा दूर नाही. हिवाळ्यात तेथे पाणपक्षी उतरतात आणि रोहित पक्ष्यांचे थवे पाहण्यासाठी माणसे कॅमेरे घेऊन जातात. त्यांत साठी ओलांडलेले अनेक जण असतात. वैद्यकीय दृष्टीने हा छंद मला मोलाचा वाटतो. पक्ष्याच्या मागे जाणारा माणूस नकळत चार पावले अधिक चालतो, चार माणसांत मिसळतो. मात्र सहलीनंतर आठवड्याभरात यांपैकी काही जण मान आखडल्याची, हाताला मुंग्या येत असल्याची तक्रार घेऊन दवाखान्यात येतात. पुढच्या वेळी कॅमेरा कपाटातच राहतो आणि चालणेही थांबते. अशा वेळी दोष बहुधा छंदाचा नसतो, बॅगेचा असतो.

आधी वजन, मग बॅग

बॅग घेताना आपण कॅमेऱ्याला धक्का लागणार नाही ना, एवढेच पाहतो. ती ज्या खांद्यावर बसणार, त्याचा विचार मागे पडतो. जरा बेरीज करून पाहा. लेन्ससह कॅमेरा सुमारे सव्वा किलो, दूरच्या पक्ष्यांसाठीची १५०-६०० मिलिमीटरची लेन्स जवळपास दोन किलो, ट्रायपॉड दीड ते दोन किलो, जाड अस्तराची रिकामी बॅग दीड किलो आणि पाण्याची बाटली एक किलो. सात-आठ किलो सहज होतात.

शालेय दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे, असे २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात म्हटले आहे. उतारवयातील हाडांसाठी मर्यादा त्याहूनही कमी हवी. साठ किलो वजनाच्या ज्येष्ठाने चार किलोंच्या आत राहावे, असे मी सुचवतो. घरातील वजनकाट्यावर एकदा बॅग घेऊन आणि एकदा बॅगेविना उभे राहा, म्हणजे वजन कळेल. बॅग आकाराने लहानच घ्यावी. मोठ्या बॅगेत जागा उरली, की ती भरल्यावाचून आपल्याला राहवत नाही.

कोणती बॅग कोणाला?

एका खांद्यावर लटकणारी बॅग सोयीची वाटते, कारण कॅमेरा चटकन हाती येतो. परंतु तिला तोलण्यासाठी आपण तो खांदा नकळत उचलून धरतो आणि मान दुसरीकडे झुकवतो. दोन तासांत मानेचे स्नायू आखडतात. मानेच्या मणक्यांची झीज असेल, तर हाताला मुंग्या येतात. अशी बॅग दीड-दोन किलोंपर्यंतच्या सामानासाठी ठीक आहे. तिचा पट्टा रुंद असावा, तो छातीवरून तिरपा घ्यावा आणि खांदा अधूनमधून बदलावा.

याहून अधिक वजन असेल, तर दोन्ही खांद्यांवर बसणारी सॅक उत्तम. तिचे पट्टे रुंद व मऊ असावेत आणि कमरेला बांधायचा पट्टा हवाच, कारण त्यामुळे बराच भार खांद्यांवरून कमरेवर उतरतो. जड लेन्स पाठीलगतच्या कप्प्यात ठेवावी. ती बाहेरच्या बाजूला असली, तर सॅक मागे ओढते आणि तोल जाण्याची भीती वाढते. सॅक जमिनीवरून वाकून उचलू नये. ठिसूळ हाडांच्या व्यक्तीत तेवढ्यानेही मणका दबून अस्थिभंग होऊ शकतो. ती बाकावर ठेवून, तिच्याकडे पाठ करून पट्टे चढवावेत. मधुमेहींमध्ये खांदा आखडण्याचे प्रमाण अधिक असते. हात मागे जात नसेल, तर सोबत्याची मदत घ्यावी.

चाकांची बॅग रेल्वे फलाटावर आणि विमानतळावर उपयोगी पडते, पायऱ्यांवर मात्र तिचे ओझेच होते. अजिंठ्याच्या पायऱ्या किंवा देवगिरीच्या किल्ल्यातील अंधारी यांसारख्या ठिकाणी कठड्यासाठी आणि काठीसाठी हात मोकळे हवेत. अशा वेळी लहान सॅकच बरी. अजिंठ्याच्या चित्रलेण्यांत फ्लॅश वापरण्यास मनाई आहे आणि संरक्षित स्मारकांत ट्रायपॉडसाठी परवानगी घ्यावी लागते. ही दोन्ही साधने घरी ठेवली, की दोनेक किलो भार आपोआप कमी होतो.

ज्यांनी विशेष जपावे

पेसमेकर बसवलेल्यांनी पट्टा त्या जागेवर येऊ देऊ नये. तो बहुधा डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली असतो. आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. काही नव्या बॅगांच्या छातीवरील बकलांत चुंबक असतो. चुंबक पेसमेकरपासून किमान १५ सेंटिमीटर दूर असावा, म्हणून खरेदी करतानाच विचारून साधे बकल असलेली बॅग निवडावी. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन काखेतील गाठी काढल्या असतील, तर त्या बाजूच्या खांद्यावर भार देऊ नये. हाताला सूज येण्याचा धोका असतो.

औषधांचा कप्पा

प्रवासात कॅमेऱ्याची बॅग आपण क्षणभरही नजरेआड होऊ देत नाही. म्हणून औषधांनाही तीच जागा योग्य. त्यासाठी वेगळा, बाहेरून उघडणारा कप्पा असावा. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी, मधुमेहींसाठी साखर किंवा ग्लुकोज आणि आपले आजार, औषधे व नातेवाइकांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेले कार्ड त्यात ठेवावे. हा कप्पा कोठे आहे, हे सोबत्यालाही ठाऊक हवे. ओलाव्यामुळे लेन्सवर बुरशी धरू नये म्हणून आपण सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो. त्या औषधांजवळ ठेवू नयेत. कमी दिसणाऱ्या व्यक्तीची त्यात गफलत होऊ शकते.

उष्णता कॅमेऱ्याला बाधते, तशी इन्सुलिनलाही. वापरात असलेले इन्सुलिन साधारणतः ३० अंशांपर्यंतच्या तापमानात सुमारे चार आठवडे टिकते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तापमान याच्या कितीतरी पुढे जाते, म्हणून बॅग गाडीत सोडून जाऊ नये. इन्सुलिन थंड पिशवीत ठेवताना ते बर्फाला थेट चिकटू देऊ नये, कारण गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते. विमानप्रवासात कॅमेऱ्याच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या सोबतच्या बॅगेतच न्याव्या लागतात. इन्सुलिनही तेथेच असावे, सामानात देऊ नये.

घरच्यांसाठी दोन शब्द

घरातील मुलासुनांना, लेकीजावयांना एक विनंती. वडिलांना किंवा आईला झेपत नाही म्हणून "आता कॅमेरा राहू द्या," असे लगेच सांगू नका. मोठी लेन्स आपल्या खांद्यावर घ्या, हलका कॅमेरा त्यांच्या हाती राहू द्या. बॅग ऑनलाइन मागवून भेट देण्यापेक्षा त्यांना दुकानात न्या, सारे सामान बॅगेत भरून त्यांना दहा मिनिटे चालायला लावा आणि दोन-चार पायऱ्या चढू द्या. खांदा दुखला, श्वास लागला किंवा तोल गेल्यासारखे वाटले, तर ती बॅग घेऊ नका.

प्रवासात हाताला मुंग्या आल्या, तर बॅग लगेच उतरवावी. विश्रांतीनंतरही त्या दोन-तीन दिवसांत थांबल्या नाहीत किंवा हाताची पकड सैल वाटू लागली, तर डॉक्टरांना दाखवावे. मणक्यात अकस्मात तीव्र कळ आली, तर चोळणे वा शेकणे यांत वेळ न घालवता तपासणी करून घ्यावी. छातीत दुखून ते डाव्या हातात उतरत असेल, तर ते बॅगेचे दुखणे समजून मुळीच थांबू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.