उभ्या कण्याचे माप

भिंत ओळंब्यात आहे की नाही, हे गवंडी उभ्या भिंतीला दोरी लावूनच सांगतो. माणसाच्या कण्याचेही तसेच आहे. मनुष्य आडवा झाला की मस्तकाचा व धडाचा भार उतरतो आणि वाकडा कणाही काही अंशांनी सरळ भासू लागतो. म्हणून कण्याचा बाक मोजण्यासाठी क्ष-किरण चित्र उभ्यानेच काढावे लागते.

मुलास अनवाणी, गुडघे ताठ व दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे करतात. मानेपासून खुब्यांपर्यंतचा भाग एकत्र दिसावा म्हणून चित्र सुमारे तीन फूट लांबीचे असते. पुढे गणित सुरू होते. अमेरिकेतील शल्यविशारद जॉन कॉब यांनी १९४८ साली मांडलेली रीत आजही प्रमाण आहे. बाकाच्या वरच्या व खालच्या टोकांचे सर्वांत कललेले मणके निवडावयाचे. पहिल्याच्या वरच्या आणि दुसऱ्याच्या खालच्या कडेला अनुसरून रेषा काढावयाच्या आणि त्यांतील कोन मोजावयाचा. कंपासपेटी बाळगणाऱ्या विद्यार्थ्यालाही समजावी अशीच ही भूमिती! कोन १० अंश वा अधिक भरला, तर त्या विकारास स्कोलिओसिस म्हणतात. वाढत्या वयात साधारणतः २५ अंशांपुढे ब्रेस नावाच्या ताठ पट्ट्याचा आणि ५० अंशांच्या सुमारास शस्त्रक्रियेचा विचार होतो. मात्र मोजणीतच चारपाच अंशांचा फरक पडू शकतो. तेव्हा २० चे २३ झाले म्हणून लगेच हाय खाऊ नये.

वारंवार चित्रे काढण्याने किरणांची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. छातीवर मात्रा कमी पडावी म्हणून किरण पुष्कळदा पाठीकडून सोडतात. जॉर्ज शार्पाक यांना १९९२ साली ज्या कणशोधक यंत्रांसाठी भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, त्याच विद्येतून पुढे ईओएस हे यंत्र निघाले. ते उभ्या माणसाचे समोरून व बाजूने एकाच वेळी, पुष्कळ कमी किरणांत चित्र घेते. ते उपलब्ध नसेल, तरी नेहमीच्या यंत्रावर उभ्याने नीट काढलेले चित्रही उपयोगी पडते.

परंतु यंत्रापर्यंत पोहोचण्यापूर्वी पालकांची नजर हवी. दहा ते पंधरा या वयात मुलांना पाय जुळवून, हात खाली सोडून पुढे वाकावयास सांगावे आणि मागून पाहावे. पाठीची एक बाजू उंच दिसली, तर अस्थिरोगतज्ज्ञास दाखवावे. मोठा बाक मुलींत अधिक आढळतो, आणि नेमका तोच लग्नाच्या चिंतेने पदराआड, ओढणीआड झाकला जातो. ही लपवाछपवी फार महाग पडते. कारण पट्ट्याचा उपयोग हाडांची वाढ चालू आहे तोवरच. ‘पोक काढू नकोस’ असे दटावून हा बाक जात नाही, आणि मुलीचा त्यात काहीच दोष नसतो. बहुतेकांत त्याचे कारणही सापडत नाही. तिला दटावण्याऐवजी वेळेवर मापून घ्यावे, यातच शहाणपण आहे.