वस्तऱ्याला हजार तास, वार्धक्याला ऐंशी!

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात शाळेत शिकून केशकर्तनाचा परवाना मिळवू पाहणाऱ्यास १००० तासांचे शिक्षण घ्यावे लागते. त्याच राज्यात परस्वाधीन, स्मृतिभ्रष्ट वृद्धांचे अन्न, औषध आणि अब्रू ज्याच्या हाती सोपवायची, त्या वृद्धनिवासाच्या व्यवस्थापकास किती तास पुरतात? अवघे ८०! त्यानंतर शंभर प्रश्नांची लेखी परीक्षा. शेकडा सत्तर गुण पडले की झाला तो वृद्धांचा पालक! दाढीचे मोल अधिक की म्हातारपणाचे?

हे ८० तासही सुखासुखी आलेले नाहीत. ऑक्टोबर २०१३ मध्ये कॅस्ट्रो व्हॅली येथील एक वृद्धनिवास सरकारी हुकुमाने बंद झाला. पगार थांबताच नोकर निघून गेले आणि डझनाहून अधिक वृद्ध मागे राहिले. अग्निशामक दल व पोलीस येईपर्यंत त्यांना सांभाळले कोणी? एका आचाऱ्याने आणि एका सफाई कामगाराने! देशभर नाचक्की झाली, तेव्हा कुठे २०१४ मध्ये विधिमंडळ जागे झाले आणि २०१६ पासून ४० तासांचे ८० तास झाले.

पण खरी मेख पुढेच आहे. ५० वा अधिक वृद्धांच्या संस्थेसाठी दोन वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण व तीन वर्षांचा अनुभव हवा. १६ ते ४९ साठी एक वर्षाचा अनुभव हवा. १५ पर्यंत मात्र शालान्त प्रमाणपत्र पुरे, अनुभवाची अट नाही! वास्तविक मोठ्या संस्थेत चार माणसांची नजर असते. सहा खाटांच्या घरात व्यवस्थापक हाच सर्वेसर्वा, आणि त्या राज्यात अशी लहान घरेच बहुसंख्य आहेत. जेथे देखरेख सर्वांत कमी, तेथेच अट सर्वांत सैल, हा कोठला न्याय?

मालक म्हणतात, अटी वाढवल्या तर खर्च वाढेल आणि लहान घरे बंद पडतील. शुश्रूषागृहांच्या व्यवस्थापकांना परवाना सक्तीचा करण्याचे बंधन अमेरिकन संसदेने १९६७ मध्येच राज्यांवर घातले. म्हणून शुश्रूषागृहे नाहीशी झाली काय? वृद्धनिवासांना मात्र असा देशव्यापी नियम नाही. ज्याचे त्याचे राज्य, ज्याची त्याची फूटपट्टी!

परीक्षा नको, असे आमचे म्हणणे नाही. परीक्षा हवीच, पण कागदावरच्या उत्तराला रुग्णाच्या खाटेजवळील उमेदवारीची जोड हवी, आणि ती सहा खाटांच्या घरासही लागू हवी.

परक्यांच्या या उठाठेवी आम्हांस कशाला, असे कोणी म्हणू नये. मुले पोटासाठी दूरदेशी गेलेली घरे आपल्याही गल्लीत आहेत. आपल्या २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे १९ वे कलम जिल्ह्यागणिक निदान एका, १५० निराधारांच्या वृद्धाश्रमाची गोष्ट बोलते. तो चालविणाऱ्याच्या परीक्षेविषयी मात्र चकार शब्द काढत नाही. तिकडे फूटपट्टी आखूड आहे. इकडे फूटपट्टीच नाही! आईबापांना कोणाच्या हवाली करतो, हे विचारण्यास आपणही एखाद्या कॅस्ट्रो व्हॅलीची वाट पाहणार आहोत काय?